पान दोनशे बारा

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. कोशाची दुसरी आवृत्ती महिनाअखेरीस छापखान्यात जाणार. पहिल्या आवृत्तीच्या वेळी कुणी काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे तेव्हा कोण काय म्हणालं होतं यावर आजही दुपारच्या चहाला भांडणं होतात. निदान माझी बाजू कागदावर असलेली बरी.

पुढे कुणी वाचलंच तर कळावं म्हणून लिहिते. आमचा कोश म्हणजे इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ. पाच खोल्या, भिंतीभर लाकडी खण, खणांत दोन लाखांवर चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा एक अर्थ, तो अर्थ ज्या छापील वाक्यात सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि पान. खाली दोन सह्या. डावी चिठ्ठी लिहिणाऱ्याची. उजवी, ज्याने ते पुस्तक स्वतः उघडून ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याची. उजव्या सहीशिवाय चिठ्ठी खणात जात नाही, आणि पुढे चूक निघाली तर जाब उजव्या सहीला. लिहिणारा माणूस आहे, तो चुकणारच. पाहणाऱ्यानं चुकायचं नाही. कोश सुरू करणाऱ्यांनीच हा रिवाज घालून दिला.

गेली आठ वर्षं उजवी सही माझी आहे. त्याआधी एकतीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, अण्णांची होती. आज मी अकरा चिठ्ठ्या परत पाठवल्या, त्यातली एक स्वल्पविरामासाठी. ऑफिसात मला माझ्यामागे 'चाळणी' म्हणतात. मला माहीत आहे, आणि आवडतंही.

आजची चांगली बातमी म्हणजे संपादकांनी शेवटी मान्य केलं. नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर 'पडताळणी' म्हणून अण्णांचं नाव येणार. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. "तुम्ही एवढा हट्ट का धरलाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकतीस वर्षं त्या माणसानं डोळे फोडून घेतले, एक ओळ तर द्या."

६ मार्च, बुधवार

दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी कामाला लागली आहे. मी तिला 'नवी'च म्हणते. पावलांचा आवाज न करता येते आणि टेबलाशी उभी राहते. 'डी' अक्षराच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या पुन्हा ताडून पाहायचं काम तिच्याकडे आहे. जुनी पुस्तकं आता यंत्रावर दिसतात, त्यामुळे आम्हाला ज्याला आठवडा लागायचा ते ती तासात करते.

"मॅडम, हे पुस्तक एकशे ऐंशी पानांचं आहे," ती म्हणाली. "चिठ्ठीवर पान दोनशे बारा लिहिलंय."

चिठ्ठी 'डिसेमिनेट' या क्रियापदाची, तिसरा अर्थ. 'बी-बियाणे वाळण्यासाठी पातळ पसरणे.' खाली एका जुन्या बागकामाच्या पुस्तिकेतलं वाक्य: बी चटईवर 'डिसेमिनेट' करून तीन दिवस उन्हात ठेवावे.

"दुसरी आवृत्ती असेल," मी म्हटलं.

"एकच निघाली होती."

"मग आकडा चुकला असेल. बघू नंतर."

"अख्खं पुस्तक शोधलं, मॅडम. हा शब्दच त्यात नाहीये."

मी घड्याळाकडे बघून तिला जेवायला पाठवलं. दुपारी काम नीट झालं नाही. खिडकीजवळ ऊन फार येतं, पडदा लावून घ्यायला हवा.

७ मार्च, गुरुवार

आज काही विशेष नाही.

शब्द मात्र चांगला आहे. मूळ लॅटिन. पुढच्या भागाचा अर्थ 'चहूकडे' आणि मागच्या भागाच्या पोटात 'बी'. म्हणजे मुळात पेरणाऱ्यानं मूठ उघडून दाणे चहूकडे फेकणं. इंग्रजीत आला तो मात्र शेतात फारसा राहिला नाही, माणसांच्या डोक्यांत शिरला. हल्ली ज्ञान डिसेमिनेट होतं, मतं होतात, माहिती होते, खोटी माहिती तर फारच. अंथरूण किंवा पीठ डिसेमिनेट होत नाही. आपल्याकडे या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत. अंथरूण पसरतात, साथ फैलावते, दाणे विखुरतात, विचारांचा प्रसार होतो, बातमी फुटते. इंग्रजी शब्दासमोर यातला कुठला ठेवायचा हे ठरवण्यातच आमची नोकरी जाते.

एवढंच.

८ मार्च, शुक्रवार

वही उघडून दहा मिनिटं नुसती बसले. लिहून टाकते.

ते वाक्य मी बनवलं.

बावीस वर्षं झाली. नोकरीत कायम झाले नव्हते. उमेदवारीची दोन वर्षं संपत आली होती आणि ठेवायचं की नाही ते शुक्रवारी ठरणार होतं. आई दवाखान्यात होती. आठवड्याला वीस चिठ्ठ्या द्याव्या लागत, माझी एक कमी पडत होती. आणि मला खरोखर खात्री होती की हा अर्थ मी कुठेतरी वाचलाय. शब्दाच्या पोटात बी आहे, मग बी पसरून वाळवणं त्यात नसेल कसं, असं वाटायचं. पंधरा दिवस शोधलं. मग कपाटातून कुणी कधी उघडत नाही असं एक कंटाळवाणं पुस्तक निवडलं आणि त्यात शोभेल असं वाक्य लिहून टाकलं. पान दोनशे बारा. पुस्तकाला पानं किती तेवढंही पाहिलं नाही. खोटं बोलायचं तरी माणसानं नीट बोलावं.

मनात म्हटलं होतं, अण्णा परत पाठवतील, मग 'हात चुकला' म्हणू आणि दुसरी लिहू. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी टेबलावर होती, उजवीकडे अण्णांची सही. संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?" एवढंच बोलले.

म्हणजे त्यांनी पाहिलंच नाही. एरवी पानाचा आकडा पुसट असला तरी चिठ्ठी परत करणारा माणूस, पण त्या दिवशी कंटाळा आला असेल. आणि खरी लाज याची वाटते की त्या दिवसापासून अण्णा माझ्या नजरेतून थोडे उतरले. मी खोटं लिहिलं आणि कमी लेखलं त्यांना. नव्या लोकांना दोन-तीनदा बोलूनही दाखवलंय, की नाव मोठं आहे पण अण्णाही कधीकधी न बघता सही करायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यानंतर तीन वर्षं त्यांनी मला आपल्या शेजारच्या टेबलावर बसवलं. हाताखाली दोन मदतनीस होते तरी माझी एकही चिठ्ठी त्यांना तपासू दिली नाही, सगळ्या स्वतः पाहिल्या. लोक म्हणायचे, लाडकी आहे. मलाही तसंच वाटायचं.

११ मार्च, सोमवार

नवीनं संपादकांच्या टेबलावर चार पुस्तकं ठेवली. दोन छोटे कोश, एक परीक्षेचं मार्गदर्शक, एक शाळेचं पाठ्यपुस्तक. चारही दुसऱ्यांची, चारहींत आमचा तिसरा अर्थ. एकानं 'तीन दिवस'चं 'चार दिवस' केलंय, काय पाहून कुणास ठाऊक. एका कोशानं तर त्यापुढे 'ग्रामीण वापर' अशी खूण केली आहे. म्हणजे त्यांना या अर्थाचं गावही सापडलं.

संपादक चांगले गृहस्थ आहेत, पण कोशाची अब्रू म्हणजे स्वतःची समजतात. चेहरा उतरला होता. "डावी सही तुमची आहे," ते मला म्हणाले. "कुठून घेतलं होतं?"

"आठवत नाही," मी म्हटलं. "बावीस वर्षं झाली. कुणाच्या तरी टिपणातून उतरवलं असेल."

"डावी सही चुकतेच हो. त्यासाठी तर उजवी ठेवली." त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "आता अण्णांचं नाव पहिल्या पानावर कसं छापायचं? वर 'पडताळणी' आणि आत हे."

तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काही म्हणालात?"

मी म्हटलं, "नाही, घसा."

१३ मार्च, बुधवार

माझी लेक शाळेत इंग्रजी शिकवते. संध्याकाळी आली ती हसतच. तिच्या वर्गाला तेच पाठ्यपुस्तक आहे, मला ठाऊक नव्हतं. मुलांना शब्द नीट कळावा म्हणून तिनं पटांगणात चादर अंथरून त्यांना वाटाण्याचं बी पसरायला लावलं. एकेक मूठ, पातळ, एकावर एक दाणा यायचा नाही. मुलं ओरडत होती, "मी डिसेमिनेट केलं, मी डिसेमिनेट केलं."

"मी त्यांना सांगितलं," ती म्हणाली, "हा अर्थ माझ्या आईनं शोधून काढलाय. मोठ्या कोशात आहे."

मी म्हटलं, "छान."

मग भाजी चिरायला घेतली. तिला तोंड दाखवायचं नव्हतं. लहानपणी माझ्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर चित्रं काढत बसायची. "आई कधी खोटं लिहीत नाही, पानाचा आकडासुद्धा," असं तिनं एकदा शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

१५ मार्च, शुक्रवार

अण्णांना पत्र लिहायचं ठरलं, आणि मसुदा कुणी करायचा, तर मी. भाषा माझी चांगली म्हणे. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

तासभर शब्द निवडत बसले. 'निष्काळजीपणा' फार कडक, 'हयगय' जरा हलका. शेवटी लिहिलं, 'सदर चिठ्ठीच्या पडताळणीत आपणाकडून दुर्लक्ष झाल्याचे खेदाने नमूद करावे लागते. त्यामुळे नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठामागील पानावर आपले नाव देणे उचित ठरणार नाही.' वाक्य जमल्यावर बरं वाटलं. चांगलं वाक्य जमल्यावर वाटतं तसंच. मग कशाबद्दल बरं वाटलं ते लक्षात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संपादक म्हणाले, "किती सभ्य लिहिलंत. त्यांना वाईटही वाटणार नाही."

१७ मार्च, रविवार

अण्णांकडे गेले. सांगायचं असं ठरवूनच निघाले होते.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत, हाताशी मोठं भिंग. पत्र मांडीवर होतं. काकू चहा टाकायला आत गेल्या.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "हे जरा वाचून दाखव. डोळे आता असलेच."

माझंच पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. अक्षर टंकलेलं होतं, पण भाषा माझी आहे हे त्यांना कळलं नसेल असं नाही. 'दुर्लक्ष'पाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. हा शब्द बरोबर नाही."

"का?"

"दुर्लक्ष म्हणजे लक्ष नव्हतं. दुसरा घाल."

"निष्काळजीपणा?"

"तोही नाही."

"मग कोणता, अण्णा?"

"तो तू शोध. कोशात काम करतेस."

म्हाताऱ्या माणसाचा अभिमान, दुसरं काय. सही केली, चूक झाली, पण शब्द सोसत नाही. मला जरा रागच आला, आणि राग आल्यामुळे बोलणं अजून अवघड झालं. ते माझ्याकडे बघत बसले होते.

"बोल," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"काही नाही. चहा घे."

काकूंनी लेकीची चौकशी केली. मी चांगलं सांगितलं. निघताना जिन्याच्या वळणावर थांबले होते, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मी अगदीच दगड नव्हते एवढं तरी कुठे दिसेल. मग खाली उतरले.

२० मार्च, बुधवार

अण्णांचं उत्तर आलं. तीन ओळी, थरथरत्या हाताच्या. 'सही माझी आहे. नाव काढावे. या बाबतीत अन्य कोणाला विचारणा करू नये ही विनंती.'

संपादक म्हणाले, "मोठा माणूस." त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. माझ्याही, हे खोटं कशाला बोलू. 'अन्य कोणाला' म्हणजे कोणाला, हा विचार घरी येताना डोक्यात आला. मदतनिसांना म्हणायचं असेल.

२२ मार्च, शुक्रवार

नवी दुपारी आली आणि दार लावून घेतलं. असं ती कधी करत नाही. हातात कापडी बांधणीची एक जुनी वही होती.

"माळ्यावर अण्णांच्या वह्या सापडल्या, मॅडम. रोज कुठलं पुस्तक उघडलं, कुठलं पान पाहिलं, सगळं लिहिलंय. एकतीस वर्षांचं." तिनं खूण घातलेलं पान उघडलं. "हे बघा."

अण्णांचं बारीक, तिरपं अक्षर. तारीख. त्या बागकामाच्या पुस्तिकेचं नाव. पुढे: 'पाने १८० फक्त. २१२ नाही. संपूर्ण वाचली. शब्द नाही.' आणि त्याच तारखेची चिठ्ठीवरची सही.

"त्यांनी पाहिलं होतं," ती म्हणाली. "एकशे ऐंशी पानं वाचली. मग सही का केली?"

मी तारीख बघत होते. बुधवार होता. शुक्रवारी माझ्या नोकरीचा निर्णय व्हायचा होता आणि सोमवारी आईचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा रजा मागायला मी अण्णांकडेच गेले होते. बनावट चिठ्ठी लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर यायची गरज नसते, हा नियम मला तेव्हाही ठाऊक होता आणि आज तो मीच नव्या लोकांना वाचून दाखवते.

बावीस वर्षं ज्या माणसाला मी आळशी समजले, त्यानं माझ्या खोट्यासाठी एकशे ऐंशी पानं वाचली होती. गेल्या रविवारी 'दुर्लक्ष' का चालेना ते आता कळतंय.

"हे संपादकांना दाखवू का?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "दोन दिवस दे मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पोरीला सगळं कळलं असावं. वही तिनं माझ्याकडेच ठेवली.

२५ मार्च, सोमवार

सकाळी संपादकांना सांगितलं. वाक्य मी बनवलं, अण्णांचा दोष नाही. अण्णांनी पुस्तक पाहिलं होतं हे सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला सांगितलंत, झालं," ते म्हणाले. "आता हे इथंच राहू द्या. अण्णा लेखी कबूल झालेत, निवृत्त आहेत, त्यांना काय फरक पडतो? तुम्ही गेलात तर काम कोण पुरं करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं. एक क्षणभर नाही, चांगला अर्धा तास. टेबलावर जाऊन दोन चिठ्ठ्या तपासल्यासुद्धा. तिसरी परत पाठवायला लाल पेन उचललं, तिच्यात पानाचा आकडा राहिला होता, आणि पुढे हात चालेना.

दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. आकडा, पुस्तक, सगळं. नवी खाली बघत होती. मग ज्याच्या सर्वांत जास्त चिठ्ठ्या मी परत केल्या असतील तो बशीत बघत हळूच म्हणाला, "चाळणी म्हटल्यावर भोकं असायचीच." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कोशाची समिती ५ तारखेला बसेल. तोवर उजवी सही करायची नाही, आणि छपाई पुढे गेली.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती पिशवीतून वह्या काढत होती, काढायची थांबली.

"मी मुलांना काय सांगू?"

"खरं सांग. आईनं बनवलं होतं म्हणून सांग."

"ते नाही सांगणार मी. चूक झाली म्हणेन."

"चूक नव्हती ती."

"मला माहितीये," ती म्हणाली, आणि वह्या घेऊन आतल्या खोलीत गेली. जेवताना बोलली, पण मीठ-पाण्यापुरतं.

२६ मार्च, मंगळवार

अण्णांची वही घेऊन गेले. आज बसायच्या आधी सांगितलं, नाहीतर पुन्हा चहा आला असता. त्यांनी ऐकून घेतलं. वही चाचपून बाजूला ठेवली.

"त्या रविवारी वाटलं होतं, सांगशील," ते म्हणाले. "म्हणून वाचायला दिलं. मी ते आधी वाचलं होतं. भिंग आहे की."

"तेव्हाच परत का नाही केलीत?"

"परत केली असती तर परतीच्या यादीत चढली असती. दोन दिवसांनी तुझे कायम होण्याचे कागद निघायचे होते. म्हटलं, सहा महिन्यांनी गुपचूप काढून टाकू. तर खंड आधीच छापायला गेला. मग म्हटलं, ही स्वतः येऊन सांगेल. पहिल्यांदा रोज वाटायचं. मग आठवड्यातून एखाद्या वेळी. तू काम चांगलं करायला लागलीस, तेव्हा म्हटलं राहू दे. मी निवृत्त झालो त्या दिवशी पुन्हा वाटलं."

त्या दिवशी मी भाषण केलं होतं. फार टाळ्या पडल्या होत्या.

"अण्णा, मी तुम्हाला बेपर्वा समजत होते. लोकांना सांगतही होते."

"माहीत आहे. नवी मुलं येऊन सांगायची." ते खिडकीबाहेर बघत होते. "त्याचं वाईट वाटायचं."

रागावले असते तर झेपलं असतं. मी रडले. काकू आतून डोकावल्या आणि परत गेल्या.

"तुमचं नाव पहिल्या पानावर यायलाच हवं," मी म्हटलं. "मी समितीला सांगते."

"नाही. तू न बघता लिहिलंस. मी बघून सही केली. संपादकांना मीच कळवेन. यात तू पडू नकोस."

५ एप्रिल, शुक्रवार

समिती अर्ध्या तासात उठली. नियमाप्रमाणे मला जायला हवं होतं, पण ठेवलं, बाकी सगळं काढून घेतलं. उजवी सही आता नवीची. माझ्या चिठ्ठ्याही तीच तपासेल. नव्या आवृत्तीत दुरुस्तीची टीप छापली जाईल, त्यात 'बनावट' हा शब्द आणि माझं नाव, दोन्ही मीच घालायला लावलं. अण्णांचं नाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलं. पहिल्या पानावर ती ओळ रिकामीच राहील असं संपादक म्हणाले. दुसऱ्या कुणाचं नाव तिथे घालायला त्यांचं मन झालं नाही.

चारही प्रकाशकांना पत्रं लिहिली. प्रत्येकाला वेगळं, हातानं.

९ एप्रिल, मंगळवार

एका प्रकाशकाचं उत्तर आलं. 'आपण उल्लेखिलेला अर्थ अन्य तीन मान्य ग्रंथांतही आढळतो. तेव्हा तो चुकीचा असल्याचे आम्हांस वाटत नाही.'

मी परत लिहिलं की ते तिन्ही ग्रंथ माझ्यावरूनच उतरवलेले आहेत. बघू. पेरणाऱ्याला मूठ एकदाच उघडावी लागते, वेचायला मात्र जन्म पुरत नाही.

लेकीनं वर्गात सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण आज दुपारी फोन करून जेवलीस का म्हणून विचारलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

'डिसेमिनेट'चा तिसरा अर्थ आता खरा घालायचा आहे. वैद्यकातला. आजार शरीरात एका जागेवरून सगळीकडे फैलावणे. त्याची चिठ्ठी मी लिहिली. एका जाड वैद्यकीय ग्रंथातलं वाक्य, पान शहाण्णव. आकडा दोनदा पाहिला, मग एकदा बोट ठेवून पाहिला.

नवीला विचारलं, या एका चिठ्ठीची उजवी सही अण्णांची घेऊ का? ती संपादकांना विचारून आली. ते म्हणाले, एवढी एकच.

अण्णांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. भिंग शब्दावरून अर्थावर, अर्थावरून वाक्यावर, मग पानाच्या आकड्यावर गेलं. मग त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पुस्तक?"

"ऑफिसात आहे. फार जड आहे हो ते. अण्णा, मी स्वतः दोनदा पाहिलंय."

"तू पाहिलंस," ते म्हणाले. "मी नाही पाहिलं."

आणि चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. स्वरात राग नव्हता. कुणालाही दिली असती तशीच दिली.

मी जिना उतरले, ऑफिसात गेले, ग्रंथ कापडी पिशवीत घातला आणि दोन मजले वर आणला. धाप लागली होती. अण्णांनी तो मांडीवर घेतला, पान शहाण्णव काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आमचं वाक्य खाली, विसाव्या ओळीत होतं. मधली एकही ओळ त्यांनी सोडली नाही. काकूंनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, पण त्यांचं वाचून होईपर्यंत मी उभीच राहिले.